ध्वनिवर्धकाचें सोंवळें

विद्युत्-गिटार हें वाद्य आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांत परकें राहिलेलें नाहीं. ज्या दिवाणखान्यांत एके काळीं तंबोरा आणि बाजाची पेटी यांनाच मान असे, त्याच घरांत आज मुलाच्या खोलींत भिंतीला टेकून ठेवलेली गिटार दिसते, आणि तिच्या शेजारीं एक काळी, जड, जाळीदार तोंडाची पेटी दिसते. ही पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. गिटार घेतांना घरांत चार दिवस खल होतो. या पेटीविषयीं मात्र दोनच मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, ही पेटी आवाज मोठा करण्याचें केवळ साधन आहे, तेव्हां ती कोणतीहि चालेल. दुसरें मत असें कीं, ती थोर कारखान्याची कृति आहे, तेव्हां तिच्या आंत हात घालणें हें पातक होय. आवाज पसंत नसेल तर ती विकावी आणि अधिक मोलाची घ्यावी. पहिलें मत अज्ञानाचें आहे, आणि अज्ञान समजावून सांगितल्यानें दूर होतें. दुसरें मत जाणतेपणाचा आव आणून वावरतें, आणि म्हणूनच तें अधिक घातक आहे. या दुसऱ्या मताचा समाचार घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: अ‍ॅम्प्लिफायर हा विद्युत्-गिटारीचा अर्धा देह आहे, आपलें वाद्य आपल्या कानाला जुळवून घेणें हा वादकाचा नुसता हक्कच नव्हे, तर तें त्याचें कर्तव्य आहे, आणि या जुळवणीचा आरंभ पेटीच्या विक्रीपासून न होतां तिच्या स्पीकरपासून व्हावयास पाहिजे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या गिटारीला पोट नाहीं. सतारीला भोपळा असतो, तबली असते. तार छेडली कीं तिचें कंपन त्या पोकळींत घुमतें आणि वाद्याचा आवाज तयार होतो. विद्युत्-गिटार बहुधा भरीव लांकडाची फळी असते. तारांखालीं चुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तारांचें कंपन तेथें विजेच्या सूक्ष्म प्रवाहांत उतरतें. त्या प्रवाहाला बळ देण्याचें काम व्हॉल्व्ह करतात, आणि अखेरीस स्पीकरचा कागदी शंकु मागें-पुढें हलून हवेला धक्का देतो. म्हणजे सतारींत जें काम भोपळा आणि तबली करतात, तें येथें या पेटीकडे आलें आहे. भोपळा हा सतारीचा भाग नव्हे असें कोणी म्हणत नाहीं; मग स्पीकर तेवढा वाद्याबाहेरचा कां मानावा?

घरीं गाणें ऐकण्यासाठीं आपण जो स्पीकर वापरतों, त्याचा धर्म वेगळा आहे. त्यानें पदरचें कांहीं न घालतां आवाज जसाच्या तसा ऐकवावा अशी आपली अपेक्षा असते. गिटारीचा स्पीकर या बाबतींत अगदीं उलट स्वभावाचा आहे. निकोप कानाला दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. परंतु गिटारीचा स्पीकर ५,००० कंपनांच्या आसपासच हात आखडता घेतो. हा दोष नव्हे. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला म्हणजे मूळ स्वराबरोबर कित्येक वरचे उपस्वर उत्पन्न होतात. त्यांपैकीं खालचे कांहीं स्वराला भरीवपणा देतात, तर फार वरचे कानाला टोंचतात. शंकु हे टोंचणारे उपस्वर गाळून टाकतो. कागद किती जाड आहे, शंकूची कड मऊ आहे कीं ताठ, चुंबक कोणत्या जातीचें आहे, पेटीची पाठ उघडी आहे कीं बंद, या प्रत्येक गोष्टीनें स्वराचा रंग पालटतो. एकाच गिटारीला, एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, एकाच वादकाच्या हातीं दोन निराळे स्पीकर लावून ऐकावे. दोन भिन्न वाद्यें वाजत असल्याचा भास होतो.

बाजाराची भाषा मात्र वॉटांची आहे. पंधरा वॉट पुरत नाहींत, तीस घ्या. तीस पुरत नाहींत, पन्नास घ्या, हा दुकानदाराचा सल्ला ठरलेला. येथें थोडें गणित करावें. आवाज तीन डेसिबलनें वाढवावयाचा तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ति दुप्पट करावी लागते. आणि आवाज कानाला दुप्पट मोठा वाटावा म्हणून सुमारें दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति खर्चावी लागते. स्पीकरहि सारखे नसतात; तेवढ्याच शक्तींत एक अधिक बोलतो, दुसरा कमी. ही त्याची क्षमता त्याच्या माहितीपत्रकावर डेसिबलमध्यें छापलेली असते. सेलेशन या इंग्रज कंपनीच्या ‘ब्लू’ नामक बारा इंची स्पीकरचा हा आंकडा १०० आहे. सत्त्याण्णव आंकड्याचा स्पीकर काढून त्याच्या जागीं शंभराचा बसविला, तर पंधरा वॉटांची पेटी तीस वॉटांच्या पेटीइतकी बोलूं लागते. जें काम चार पेंच सोडवून आणि दोन तारा जोडून होतें, त्यासाठीं नवी पेटी घरीं आणावयाची, हा व्यवहार शहाणपणाचा कसा म्हणावा?

आतां इतिहासाकडे वळूं. कारण सोंवळ्याचे अभिमानी इतिहासाचाच दाखला नेहमीं पुढें करतात. त्यांचें म्हणणें असें कीं, थोर वादकांनीं थोर कारखान्यांच्या पेट्या जशाच्या तशा वापरल्या आणि त्यांतून तो अजोड स्वर निघाला. हा इतिहास नव्हे. ही जाहिरात आहे.

१९५१ सालीं अमेरिकेंत मेंफिस येथें सॅम फिलिप्सच्या ध्वनिमुद्रणगृहांत ‘रॉकेट ८८’ हें गाणें मुद्रित झालें. आइक टर्नरच्या ताफ्यांतील गिटारवादक विली किझार्ट याची पेटी प्रवासांत दुखावली होती. दुरुस्तीला सवड नव्हती. म्हणून बिघडलेल्या स्पीकरला कागदाचे बोळे लावून काम भागविलें. त्यांतून जो घोगरा, खरखरीत स्वर निघाला, त्याच्यावर पुढील कित्येक वादक लुब्ध झाले. १९५८ सालीं लिंक रे यानें ‘रंबल’ या रचनेसाठीं आपल्या पेटीच्या स्पीकरांना हेतुपुरस्सर भोंकें पाडलीं. १९६४ सालीं लंडनच्या डेव्ह डेव्हिस या तरुणानें एका स्वस्त, लहानग्या पेटीच्या शंकूवर पात्यानें चिरा पाडल्या, आणि त्या फाटक्या आवाजानें ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यानें इंग्लंड गाजविलें. हे उपाय रानवट होते. त्यांचें अनुकरण करावें असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. परंतु या वाद्याचा जो स्वर आज अभिजात म्हणून पूजिला जातो, त्याच्या जन्मवेळीं कोणी सोंवळें नेसून बसलें नव्हतें, एवढें यावरून निश्चित होतें.

आणि ते थोर कारखाने? ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये म्हणतात. पण येथें तें शोधल्यावांचून गत्यंतर नाहीं. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. त्यांचा १९५० नंतरच्या दशकांतील ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या नांवाप्रमाणें, खर्जाच्या बास गिटारीसाठीं बनविलेला होता; साध्या गिटारीच्या वादकांनीं तो आपल्या कामीं लावला, आणि तेथेंच त्याचें नशीब उघडलें. पुढें लंडनच्या हॅनवेल भागांत वाद्यांचें दुकान चालविणारे ढोलवादक जिम मार्शल यांनीं, केन ब्रान आणि डडली क्रेव्हन या आपल्या सहकाऱ्यांच्या हातून, १९६२ सालीं त्याच ‘बासमन’ची जवळजवळ हुबेहूब नक्कल करविली. अमेरिकन माल इंग्लंडांत महाग पडे, हें त्याचें कारण. परंतु नक्कल करतांना इंग्लंडांत मिळणारे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर वापरावे लागले; आणि ‘बासमन’मध्यें उघड्या पाठीच्या पेटींत चार दहा इंची जेन्सन स्पीकर होते, त्यांच्या जागीं बंद पाठीच्या पेटींत चार बारा इंची सेलेशन स्पीकर आले. मांडणी तीच, पण स्वर निराळा निघाला. १९६६ सालीं जॉन मेयॉल यांच्या ताफ्यांत एरिक क्लॅप्टननें याच कुळांतील मार्शल पेटीवर जें वादन मुद्रित केलें, तें आज या वाद्याच्या शिक्षणांत पाठ म्हणून ऐकविलें जातें. तेव्हां ‘मार्शलचा स्वर’ ज्याला म्हणतात, तो फेंडरच्या पेटींत केलेला फेरफारच होय. आणि त्या फेरफारांत स्पीकरचा वांटा लहान नाहीं.

तिसऱ्या एका प्रख्यात कारखान्याची कथा तर याहून बोलकी आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत रँडल स्मिथ नांवाचा एक दुरुस्तीकार फेंडरच्या ‘प्रिन्स्टन’ या बारा वॉटांच्या चिमुकल्या पेटींत अधिक शक्तीची मांडणी बसवूं लागला. मूळच्या दहा इंची स्पीकरऐवजीं त्यानें तींत जेबीएलचा बारा इंची स्पीकर घातला. पेटी दिसावयास पूर्वीचीच. पण कार्लोस सँटाना यांनीं ती वाजविली आणि कौतुकानें जो शब्द उच्चारला, त्यावरून पुढें ‘बूगी’ हें नांव पडलें व एक नवा कारखाना उभा राहिला. आज त्याच कारखान्याची पेटी घेऊन कोणी दुरुस्तीकाराकडे गेला, तर “मूळ वस्तूला हात लावूं नका” असा उपदेश करणारे भेटतात! ज्या झाडाचें बीजच फेरफारांत आहे, त्याच्या फळाला फेरफाराचा विटाळ होतो, हें तर्कशास्त्र आमच्या आकलनापलीकडचें आहे.

यावर प्रतिपक्षाचे तीन आक्षेप येतात. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप: रचनाकाराचा हेतु मोडूं नये. हेतु कोणाचा? १९६५ च्या जानेवारींत फेंडरचा कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीनें १ कोटी ३० लाख डॉलरांस विकत घेतला. त्यानंतर कांहीं वर्षांत नव्या धन्यानें पेट्यांच्या अंतर्गत मांडणींत बदल केले, आणि ते पुष्कळ वादकांना रुचले नाहींत. परिणाम असा कीं, त्या काळच्या रुपेरी तोंडाच्या पेट्या पुन्हां जुन्या काळ्या तोंडाच्या पेट्यांप्रमाणें करून देणें हा दुरुस्तीकारांचा एक नेहमींचा उद्योग होऊन बसला. मांडणी बदलण्याचा अधिकार हिशेबनिसाला आहे आणि वाजविणाऱ्याला नाहीं, असें आक्षेपकांनीं एकदां स्पष्ट बोलून दाखवावें. म्हणजे वाद मिटेल.

दुसरा आक्षेप: मूळ रूप बिघडलें म्हणजे किंमत उतरते. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें संग्राहकापुरतें. संग्राहकाला वस्तु हवी असते, वादकाला स्वर हवा असतो. दोघांचें माप एक कसें होईल? शिवाय ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हेंहि पाहावें. व्हॉल्व्ह झिजतात. वीजपुरवठ्यांतील मोठे कंडेन्सर कांहीं दशकांत वाळून निकामी होतात, आणि ते न बदलतां जुनी पेटी चालू करणें धोक्याचें असतें. म्हणजे साठ वर्षांपूर्वींची जी पेटी आज सुखरूप वाजते, तिच्या पोटांत कोणाचा तरी हात गेलेला असतो. दरसाल कौलें शाकारल्यानें वाडा नवा होत नाहीं आणि भ्रष्टहि होत नाहीं. तो राहण्याजोगा राहतो. आम्ही येथें एक मर्यादा आनंदानें मान्य करतों: जी पेटी खरोखर दुर्मिळ आहे, तिला भोंकें पाडूं नयेत, तिचें लांकूड कापूं नये. परंतु स्पीकर बदलण्यांत असें कांहींच करावें लागत नाहीं. काढलेला स्पीकर कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावा. विकण्याची वेळ आली तर तो पुन्हां बसवितां येतो. इतका निरुपद्रवी उपाय ज्यांना पातक वाटतो, त्यांची भक्ति स्वरावर नसून किंमतीच्या चिठीवर आहे, असें म्हणणें भाग पडतें.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. व्हॉल्व्हच्या पेटींत चारशें व्होल्टांहून अधिक दाब असूं शकतो, आणि भिंतींतील बटण बंद केल्यावरहि तो कंडेन्सरांत दडून राहतो. अननुभवी मुलानें त्यांत बोट घातलें तर प्राणाशीं गांठ आहे. तेव्हां पेटीच्या आंतील मांडणीचें काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावें. यांत पालकांनीं मुलाचा हट्ट चालूं देऊं नये. स्पीकर बदलण्याचें काम त्या मानानें सोपें आहे, पण त्यालाहि दोन नियम आहेत. नव्या स्पीकरचे ओहम पेटीच्या अपेक्षेशीं जुळले पाहिजेत. आणि त्याची सहनशक्ति पेटीच्या वॉटांहून कांहींशी अधिक असावी. वर सांगितलेला ‘ब्लू’ अवघ्या पंधरा वॉटांचा आहे. तो एकटा तीस वॉटांच्या पेटीला जोडला तर जळण्याची भीति असते. स्पीकर काढून ठेवून व्हॉल्व्हची पेटी वाजविणें तर कटाक्षानें टाळावें; भार नसला म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जायबंदी होतो. हे नियम एका बैठकींत शिकतां येतात. धोका आहे म्हणून ज्ञानच नको, असें म्हणणाऱ्यानें घरांत चूलहि पेटवूं नये.

येथवर आम्ही सोंवळ्यांशीं भांडलों. आतां ओंवळ्यांनाहि दोन शब्द सुनावणें न्यायाचें होईल. फेरफाराचा हक्क म्हणजे स्वैराचार नव्हे. हल्लीं असा एक वर्ग निपजला आहे कीं, जो महिन्याला कंडेन्सर बदलतो आणि महिन्यांतून एकदांहि एक गत नीट वाजवीत नाहीं. अमुक रंगाचा, अमुक सालचा कंडेन्सर घातला कीं स्वराला दैवी मार्दव येतें, असें त्याला कोणी तरी सांगितलेलें असतें, आणि त्यासाठीं तो दसपट दाम मोजतो. कंडेन्सरचें मूल्य बदललें तर स्वर बदलतो, हें खरें. कारण त्यामुळें खर्जाचा किंवा तीव्र सुरांचा कमी-अधिक भाग पुढें जातो. पण एकाच मूल्याच्या, निर्दोष अशा दोन कंडेन्सरांत रंगावरून आणि वयावरून देवत्व ठरविणें हें गंडेदोरे बांधण्यापैकींच आहे. सोंवळेवाला नांवाला भुलतो, हा गंड्याला भुलतो. कान दोघांनींहि गहाण टाकलेला असतो.

खरा मार्ग क्रमाचा आहे. आधीं गिटार सुरांत आहे कीं नाहीं, तारा जुन्या झाल्या आहेत काय, तें पाहावें. मग व्हॉल्व्ह झिजले आहेत काय, तें जाणत्याकडून तपासून घ्यावें. नंतर आपली पेटी एखाद्या स्नेह्याच्या स्पीकरपेटीला, ओहम जुळत असल्याची खात्री करून, जोडून ऐकावी. या प्रयोगास एक पैहि खर्च येत नाहीं. फरक मनास आला तरच स्पीकर घ्यावा. नवा स्पीकर आरंभीं ताठ बोलतो. कांहीं तास वाजविल्यावर त्याची कड सैल होते आणि स्वर मोकळा होतो, म्हणून निर्णय घाईनें करूं नये. एवढें करून उणें वाटलें तरच मांडणीला हात घालावा, आणि तोहि एका वेळीं एकच बदल करून. दोन बदल एकत्र केले म्हणजे गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, याचा उलगडा होत नाहीं.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं, आणि येथेंच आम्हांस आमच्या वाचकांचें लक्ष विशेषेंकरून वेधावयाचें आहे. मिरजेच्या तंतुवाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या मिरजेचा तंबोरा घरीं आणला म्हणजे त्याला कोणी देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. त्याच्या घोडीची जवारी कारागीर कानसेनें काढतो. गायकाला बंद जवारी हवी कीं खुली, हें विचारून काढतो. झिजली कीं पुन्हां काढतो. तार आणि घोडी यांमध्यें सुताचा जीव सरकवून गायक स्वतः रोज तिचा बोल पाहून घेतो. बाजाच्या पेटीचीहि तीच कथा. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी यांना पेटीचे ठराविक स्वर आपल्या गायनास जुळत नाहींत असें दिसून आलें. त्यांनीं पेटीवर बहिष्कार घातला नाहीं. तिचे स्वर बदलून श्रुति-हार्मोनियम बनविण्याचा खटाटोप केला. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें त्याच दोषावर बोट ठेवून हार्मोनियमला दार बंद केलें, आणि तें १९७१ पर्यंत बंदच राहिलें. देवलांचा प्रयत्न सर्वमान्य झाला नाहीं, हें खरें. तरी वाद्यांत उणें आढळलें असतां तें सुधारूं पाहणारी वृत्ति आणि तें दाराबाहेर घालविणारी वृत्ति, यांत कोणती संगीताच्या अधिक उपकाराची, हें सांगावयास फार मोठा रसिक नको.

या सर्व वादांत पणाला काय लागलें आहे, तें अखेरीस स्पष्ट करतों. प्रश्न केवळ दोन-चार हजार रुपयांचा नाहीं. जरी मध्यमवर्गीय संसारांत तोहि लहान नसतो. आवाज मनासारखा नाहीं अशी मुलाची तक्रार आली कीं, नवी पेटी आणून तिचें तोंड बंद करणारा बाप मुलाला एकच विद्या शिकवितो, आणि ती म्हणजे खरेदीची. स्वरांत नेमकें काय उणें आहे, खर्ज पोकळ आहे कीं तार सप्तक टोंचतें, हें त्या मुलानें कधीं नीट ऐकलेलेंच नसतें. स्पीकर बदलून पाहणाऱ्या मुलाला मात्र आधीं हें ऐकावें लागतें, शब्दांत सांगावें लागतें, आणि कारागिराशीं चार वाक्यें समजुतीचीं बोलावीं लागतात. त्यांतून कान तयार होतो. आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा तो दुरुस्तीकारहि जगतो, ज्याच्या पिढीबरोबर ही विद्या मावळत चालली आहे. पेटी काय, आज आहे, उद्यां नाहीं. तयार झालेला कान जन्मभर पुरतो. म्हणून आमचें पालकांस आणि त्यांच्या मुलांस आग्रहाचें सांगणें आहे कीं, नव्या पेटीची चौकशी करण्यापूर्वीं घरच्या पेटीचा स्पीकर एकदां बदलून ऐकावा.